ढवळ्याचं लंघन

पोट या विषयावर आमच्या घरात अव्वाचा शब्द शेवटचा असे. अव्वा म्हणजे माझी आई. ती उदगीरकडची, तिच्या माहेरी निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलत, म्हणून आम्ही तिला आई न म्हणता अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणत असू. मुखेडच्या बाजारपेठेत अप्पांचं भुसाराचं दुकान होतं, दुकानाच्या मागे आमचं घर आणि दोन्हींच्या मध्ये शहाबादी फरशीची ओसरी. सकाळी अप्पा कपाळाला भस्म लावून लिंगपूजा करत बसलेले असायचे, तेव्हाच मागे अव्वाचं भाकरी थापणं सुरू व्हायचं. तो थपथप आवाज थांबला की पूजाही संपायची. कोण कुणासाठी थांबत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग दुकानाची फळी उघडायची, पोत्यातून मापात ज्वारी सरसरत पडायची आणि त्या आवाजावर घरातला दिवस चालू व्हायचा. थोरल्या दोन्ही बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच होतो, आणि तिघांत बोलणारी मी एकटी. अव्वा बोलत नसे, ती निकाल देत असे.

गल्लीतल्या बायका पोटदुखीची पोरं घेऊन तिच्याकडे यायच्या. अव्वा पोराला चटईवर निजवायची, बेंबीभोवती दोन बोटांनी ठोकून बघायची, तळहात चुलीवर शेकून पोट चोळायची, हिंगाचा लेप लावायची आणि सांगायची, "लंघन. दोन दिवस पोटात काय जाऊ देऊ नका. ओव्याचं पाणी तेवढं पाजा. पोटाला सुट्टी मिळाली की आपसूक ठिकाणावर येतंय." आणि खरं सांगायचं तर पोरं बरी व्हायची. शेवग्याच्या झाडाइतकी सरळ बाई होती ती, आणि तिच्या सांगण्यात कधी 'बहुतेक' किंवा 'बघू' नसायचं. पुढे मी आयुष्यभर लातूरच्या दवाखान्यांत सिस्टर म्हणून नोकरी केली, भलेभले डॉक्टर पाहिले, पण पोटावर हात ठेवताच इतक्या खात्रीने बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. माझ्याही बोलण्यात 'बहुतेक' नसतो असं माझी सून म्हणते. हा अवगुण कुठून आला ते आता वाचणाऱ्याला कळलंच असेल.

या घरात ससा आला तो अप्पांमुळे. अर्धापूरला त्यांचे एक जुने स्नेही होते, केळीची बाग असलेले. त्यांनी बागेत सशांची जोडी पाळली होती आणि त्या जोडीने आपलं काम चोख केलं होतं. अप्पा एकदा तिकडून आले ते केळीच्या पानांनी झाकलेली पाटी घेऊन. मला वाटलं केळी असतील. पान उचललं तर आत मूठभर पांढरा जीव, कान मागे टाकून बसलेला. अव्वा म्हणाली, "हे काय खातंय? मांस तर न्हाई ना?" अप्पा म्हणाले, "अगं, गवत खातंय. आपल्यापेक्षा सोवळं हाय ते." तेवढ्यावर सशाला घरात प्रवेश मिळाला. पांढरा म्हणून अप्पांनी त्याचं नाव ठेवलं ढवळ्या. शेत नाही, बैल नाही, पण घरात ढवळ्या आहे, असं ते गिऱ्हाइकांना मोठ्या मजेत सांगत. मी तेरा वर्षांची होते आणि ढवळ्या माझा होता. महादेवाच्या देवळामागची हराळी उपटून आणणं, पाणी ठेवणं, ओसरी झाडणं ही सगळी कामं माझी. शाळेतून येताना माझ्या ओढणीचा ओचा गवताने भरलेला असायचा आणि वेणीत कुसळं असायची.

ढवळ्याची एकच गोष्ट अव्वाला खपत नसे. दिवसभर तो गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या लेंड्या टाकायचा, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, झाडलं की झालं. पण पहाटे तो पोटाखाली तोंड घालून मऊ, ओलसर लेंडी तिथल्या तिथे खाऊन टाकायचा. अव्वाने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने पदराने तोंड झाकलं. मग रोज पहाटे उठून ती त्याला हुसकावू लागली आणि ओल्या फडक्याने त्याची मागची बाजू पुसू लागली. सशाला ती मऊ लेंडी लागतेच, गवतातलं सगळं सत्त्व त्याला एका फेरीत मिळत नाही, दुसऱ्या फेरीत मिळतं, हे मला फार वर्षांनी कळलं. आता तर सगळं सोपं झालं आहे. इथे लातूरला आमच्या खालच्या मजल्यावर एक कॉलेजातली मुलगी ससा पाळते. त्याचं वाळलं गवत पाकिटातून घरपोच येतं, त्याचा वेगळा डॉक्टर आहे, आणि सशाने किती लेंड्या टाकल्या याचा फोटो ती डॉक्टरांना पाठवते. मी हसत नाही. लेंडीचं मोल मला कुणी शिकवायला नको.

त्या वर्षी पोळा आला. बाजारपेठेतल्या आमच्यासारख्या घरांत बैल नसत, म्हणून कुंभाराकडून मातीचे बैल आणून पाटावर मांडत आणि त्यांना नैवेद्य दाखवत. खऱ्या बैलाला घास भरवायचा म्हणजे कुणाच्या तरी दारात जावं लागे. अव्वाला ते आवडत नसे. आदल्या दिवशी संध्याकाळी ती ओसरीवर ढवळ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "घरात जित्तं जनावर असताना मातीच्या बैलाला कशाला जेवू घालायचं?" अप्पांना तर हे फारच पसंत पडलं. मग रीतसर खांदेमळणी झाली. बैलाच्या खांद्याला जशी हळद आणि लोणी चोळतात तशी अव्वाने ढवळ्याच्या खांद्याला बोटभर चोळली आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." ढवळ्याने तिच्याच देखत खांद्यावरचं लोणी चाटून साफ केलं. अव्वा खळखळून हसली. तिचं असं हसणं वर्षातून एखाद्या वेळी ऐकायला मिळायचं.

पोळ्याच्या दिवशी मी खणाच्या तुकड्याची झूल शिवली, झेंडूच्या दोन फुलांचा हार केला. दाराला पळसाच्या डहाळ्या लावल्या होत्या. अव्वाने ढवळ्याला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पुढ्यात तुपाने माखलेली पुरणपोळी ठेवली. मला वाटलं होतं तो हुंगून सोडून देईल. कसलं काय! त्याने आधी कड कुरतडली, मग पुरण लागल्यावर मान वर केली नाही. अख्खी पोळी संपवली. अव्वाने दुसरी आणून अर्धी घातली. "खा, बाळा. तुझा सण हाय," ती म्हणाली. मीही माझ्या ताटातलं पुरण त्याला चाटवलं, हे लपवत नाही. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. सगळ्यांना ते इतकं गोड वाटलं की एकीने घरून गुळाच्या कापण्या आणल्या, त्याही त्याने खाल्ल्या. त्या दिवशी त्याला कुणीच हराळी घातली नाही. सणाच्या दिवशी गवत कोण खातं?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या सकाळी, मी झाडू घेऊन ओसरीवर गेले तर झाडायला काही नव्हतं. एकही लेंडी नाही. ढवळ्या कोपऱ्यात पाठ वर काढून गोळा होऊन बसला होता. पुढ्यात हराळी टाकली, त्याने नाकसुद्धा हलवलं नाही. डोळे अर्धे मिटलेले. जवळ कान नेला तर दात दातावर घासल्याचा बारीक कटकट आवाज येत होता. मी अव्वाला हाक मारली. तिने येऊन त्याच्या पोटाला बोटं लावली, एकदा, दोनदा, आणि निकाल दिला. "पोट धरलंय. ती घाण खातंय ना पहाटे, तिनंच. लंघन करू दे त्याला. ते गवत उचल तिथलं."

"अव्वा, पुरणपोळीनं झालं असंल," मी म्हणाले.

"नैवेद्यानं कुणाचं वाईट होत न्हाई."

मी गवत उचललं. तिचं ऐकायची मला सवय होती, आणि तिचं बरोबर निघतं याची त्याहून जास्त सवय होती. ओव्याचं पाणी वाटीत ठेवलं. त्याने वाटीकडे बघितलंही नाही. दहा वाजता मी त्याचे कान हातात घेतले, ते गार पडले होते. सशाचे कान नेहमी कोमट असतात, आत रक्ताच्या शिरा दिसतात. मला एकदम भीती वाटली. असं वाटलं की संध्याकाळपर्यंत हा राहणार नाही आणि आम्ही सगळे वाटीत पाणी ठेवून पोटाला सुट्टी मिळायची वाट बघत बसलेलो असू. मी ढवळ्याला केळीच्या त्याच पाटीत ठेवलं, वरून माझी ओढणी घातली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. अव्वाला सांगितलं नाही. तिला न सांगता केलेलं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं काम.

माझ्या वर्गात प्रज्ञा वाघमारे होती. तिचे वडील गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात होते. कागदोपत्री ते डॉक्टर नव्हते, पण सगळा तालुका त्यांना डॉक्टरसाब म्हणायचा. प्रज्ञाला घेऊन मी दवाखान्यात पोचले आणि दारातच थांबले. आवारात बैलच बैल. कालचे सजलेले, शिंगांना अजून रंग, गळ्यात सुकलेले हार, आणि सगळ्यांचे चेहरे ढवळ्यासारखे. कुणाचं पोट एका बाजूने फुगलेलं, कुणाचं रवंथ बंद. शेतकरी ओशाळे होऊन उभे होते. वाघमारे काका बाह्या वर करून एका बैलाच्या तोंडात बांबूच्या नळीतून औषध ओतत होते आणि तोंडाने बोलणं चालू होतं. "दरसाल सांगून राहिलो, घासभर द्या, मान ठेवा. तुमी परातभर चारता. बैलाचा सण हाय का बैलाचा घात?"

माझी पाळी आली तेव्हा मी ओढणी बाजूला केली. काकांनी आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ढवळ्याच्या कपाळावर कुंकू तसंच होतं आणि गळ्यात झेंडूचा दोरा.

"ह्यालापण पुरणपोळी?" काका म्हणाले.

"हाव," मी म्हणाले. "दीड. आनि कापण्या."

आजूबाजूचे शेतकरी हसले, त्या सकाळी बहुधा पहिल्यांदाच. काका हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, ढवळ्याला टेबलावर घेतलं, बैल तपासायची स्टेथोस्कोपची नळी कानाला लावून त्याच्या पोटावर ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग ती नळी माझ्या कानाला लावली. "ऐक. काय ऐकू येतंय?"

"काहीच न्हाई."

"तेच. ह्या पोटात सारखी गुडगुड पायजे. गवत खाणाऱ्याचं पोट म्हंजी चालती गिरणी, शिवू. थांबली की आतलं आंबतंय, वारा धरतंय. मी आजवर ससा तपासला न्हाई, खोटं कशाला बोलू? पण बैल, शेळी लई बघितल्या. ह्याला उपाशी ठेवलं तर हे संपलं."

"अव्वानं लंघन सांगितलंय."

त्यांना माझी अव्वा माहीत होती, ती सगळ्या गावाला माहीत होती. "माणसाला ठीक हाय ते," ते म्हणाले. "माणसाचं पोट रिकामं राहू शकतंय. ह्याचं न्हाई." मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. कोमट पाणी थोडं थोडं पाजायचं. आवारात जनावरांच्या चाऱ्यासाठी लावलेला लसूणघास त्यांनी कापून दिला. तो बारीक वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून घटके-घटकेने पाजायचा, तोंडाच्या कडेने, जबरदस्ती न करता, नाहीतर ठसका लागेल. ऊब द्यायची. पोट पुढून मागे हलक्या हाताने चोळायचं. मध्येमध्ये चालवायचं. गोड, धान्य, डाळ, काही नाही. त्यांनी सुई काढून टाकलेली एक पिचकारी उकळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लेंडी पडली का मला सांगायला ये. न्हाई पडली तर मीच येतो उद्या."

घरी आले तर अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्या हातातला लसूणघास बघून तिला सगळं कळलं. मी म्हणाले, "अव्वा, पाटा दे. हे वाटायचंय."

"पोट बिघडल्यावर खायला घालतेत का कुठं?"

"हाव, घालतेत. काका म्हणाले, उपाशी ठेवलं तर मरंल."

"मी आजवर शंभर पोटं बरी केली. एक तरी मेलंय का?"

"ती माणसांची पोटं होती, अव्वा. ह्याचं पोट वेगळं हाय. तुला न्हाई माहीत ह्याच्यातलं."

हे शेवटचं वाक्य मी बोलले आणि माझे मलाच कान गरम झालेले जाणवले. आमच्या घरात अव्वाला कुणी असं म्हटलं नव्हतं, अप्पांनीही नाही. तिने मला मारलं नाही, ती ओरडली नाही. बाजूला झाली आणि तिने पाटा फडकं टाकून झाकून ठेवला. पाटा मिळणार नव्हता. पण मी रडले नाही. पोटावर नळी ठेवून मी ते मुकेपण ऐकलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. मला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती. आज इतक्या वर्षांनीही मी म्हणते, त्या दिवशी मी बरोबर होते.

मी दुकानात गेले. अप्पांनी सगळं ऐकलं होतं, मधे भिंतच तेवढी होती. त्यांनी काही न विचारता मिरी कुटायचा लोखंडी खलबत्ता पुढे सरकवला, आधी धोतराच्या सोग्याने पुसून. "जल्दी कर," म्हणाले. "आनि मला ह्याच्यात ओढू नको." गिऱ्हाईक ज्वारी मागत होतं आणि मी पोत्यांच्या मध्ये बसून घास कुटत होते. ओसरीवर येऊन ढवळ्याला मांडीत घेतलं. पहिली पिचकारी सगळी हनुवटीवरून वाहून गेली. दुसऱ्या वेळी थोडं आत गेलं. तिसऱ्या वेळी त्याने दोनदा जबडा हलवला आणि मला वाटलं जिंकलं. पण काही जिंकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी दर घटकेला पाजत राहिले, चोळत राहिले, फरशीवर चालवत राहिले. तो चार पावलं टाकायचा आणि परत गोळा होऊन बसायचा. फरशी कोरडी आणि स्वच्छ. अव्वा येता-जाता बघायची. रात्र मी आणि ढवळ्याने ओसरीवर काढली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी एकच लेंडी, तीही मोहरीएवढी. वाघमारे काका शब्द दिल्याप्रमाणे सायकलवरून आले आणि पायरीपाशी उभे राहिले. त्या काळात आमच्या ओसरीवर कोण किती आत येतं याची एक न बोललेली रेघ होती, आणि ती कुणासाठी होती हे सगळ्यांना माहीत होतं. मला आज त्याची लाज वाटते. तेव्हाही थोडी वाटली होती, पण बोलले मी नाही, बोलले अप्पा. "आत या, डॉक्टर. ढवळ्या आत हाय." काका ओसरीवर मांडी घालून बसले, नळी लावली. "एक आवाज आला," ते म्हणाले. "बारीक हाय, पण आला. सोडू नकोस. आजचा दिवस काढला तर काढला." अव्वा दाराच्या आड उभी राहून ऐकत होती, तिच्या बांगड्या दिसत होत्या.

काका गेल्यावर अप्पा माझ्याजवळ उकिडवे बसले. ते ओसरीवर असे कधी बसत नसत. "शिवू," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या अव्वानं कालपासून पाण्याबिगर काय घेतलं न्हाई."

तेव्हा मला कळलं. आम्हा बहिणींपैकी कुणाचं पोट बिघडलं आणि अव्वाने लंघन लावलं की ती स्वतःही जेवत नसे. पोराच्या पोटात अन्न नाही तोवर माझ्याही नाही, असा तिचा रिवाज. तो तिने कधी बोलून दाखवला नाही. आम्हाला वाटायचं तिला काम आहे म्हणून ती मागाहून जेवते. ढवळ्याला मी घास पाजत होते, तरी तिच्या लेखी तो उपाशीच होता, कारण तो आपल्या तोंडाने खात नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले. ती विझलेल्या चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या हातानं चारलं त्याला. आवतन देऊन बोलावलं, ओवाळलं, आनि चारलं. गल्लीतल्या बाया बघायला होत्या." तिचा आवाज फाटला. "मला वाटलं मला समदं कळतंय."

काल मी बोलले ते खरंच होतं, पण तिला असं बसलेलं बघून मला माझं खरेपण नको झालं. तिच्यावर माझं किती प्रेम आहे हे मला त्या विझलेल्या चुलीपाशी कळलं, आधी त्याचा विचारच केला नव्हता. पण समजूत कशी काढायची ते मला येत नव्हतं, आजही येत नाही. मला कामाला लावता येतं. मी म्हणाले, "अव्वा, मला पोट चोळता येईना. हात जड पडतोय माझा. तू चोळ, मी पाजते."

ती उठली, चूल पेटवली, तवा ठेवला, तळहात शेकले आणि ओसरीवर आली. पाट्यावरचं फडकं काढून तिने मला मानेने खूण केली. त्या पाट्यावर मी लसूणघास वाटला, लोण्यासारखा मऊ झाला, खलात झाला नव्हता तसा. अव्वाने ढवळ्याला आपल्या मांडीत घेतलं. तिची बोटं त्याच्या पोटावर इतकी हलकी फिरत होती की केससुद्धा विस्कटत नव्हते. "हितं गाठ हाय वाऱ्याची," ती मला म्हणाली, "हात दे. जाणवली? आता बघ, मी सरकवते." मी पाजायची, ती चोळायची. हात गार झाला की उठून शेकून यायची. पहाटे त्याने पोटाखाली तोंड घातलं तर पुसू नको, काकांनी सांगितलंय, असं मी म्हणाले. हे मात्र मी खोटं बोलले, काकांनी तसं काही सांगितलं नव्हतं. मला आपलं वाटलं की जनावराला कळत असेल. अव्वाने मान हलवली. दुकानात अप्पांनी गिऱ्हाइकाला आवाज खाली ठेवायला सांगितल्याचं ऐकू आलं.

ऊन ओसरीच्या दुसऱ्या फरशीपर्यंत आलं होतं. अव्वाची बोटं एकदम थांबली. "बोललं," ती म्हणाली. मी कान लावला. आत गुडगुडत होतं, थांबत होतं, परत गुडगुडत होतं. ढवळ्या तिच्या मांडीवरून उतरला, अंग लांब ताणलं, मागचे पाय झटकले, चार उड्या मारून कोपऱ्यात गेला आणि तिथे शेपूट उचलून बसला. तो बाजूला झाला तेव्हा फरशीवर पाच-सहा लेंड्या होत्या. वेड्यावाकड्या, लहानमोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या. मग आणखी. मी ओरडले की रडले ते सांगता येणार नाही, अप्पा फळीवरून उडी टाकून आत आले. ढवळ्याने नाक हलवलं आणि कालपासून तिथे पडलेली हराळीची एक वाळकी काडी ओढून कुरतडायला लागला, करकर आवाज करत, आपल्या तोंडाने.

अव्वा बसल्या जागी ते बघत होती. काडी संपेपर्यंत ती हलली नाही. त्याने दुसरी ओढली तेव्हा तिने भिंतीला पाठ टेकली, पाय पुढे पसरले आणि डोळे पुसले.

"शिवू," ती म्हणाली, "मला भूक लागली. वाढ."

आमच्या घरात अव्वाला कुणी वाढत नसे. ती सगळ्यांना वाढायची आणि मग आपलं आपण घेऊन कधीतरी जेवायची, त्यामुळे तिला किती लागतं, आधी काय लागतं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी घाईघाईने ताट केलं. सकाळची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मीठ वाढायचं राहिलं, पाणी ठेवायचं राहिलं, चटणी उजवीकडे गेली. ताट कसं वाढावं यावरून अव्वाने आजवर माझ्या दोन्ही बहिणींना रडवलं होतं. त्या दिवशी तिने चटणी स्वतःच डावीकडे सरकवली. ओसरीवर, ढवळ्याच्या शेजारी बसून, तिने ते सगळं खाल्लं आणि रिकामं ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "आनखी दे."